चार स्क्रूंचा प्रश्न

'सस्टेनेबल' या शब्दाला मराठीत 'शाश्वत' म्हणायची पद्धत पडली आहे. सरकारी परिपत्रकं, विद्यापीठांचे अभ्यासक्रम, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, सगळीकडे शाश्वत विकास, शाश्वत शेती, शाश्वत डिझाइन. माझा या शब्दावर राग आहे. शाश्वत असायचा तर आत्मा असेल. मिक्सर शाश्वत नसतो. दुकानात मिक्सर घेताना कोणाचीही आई 'हा शाश्वत आहे का हो?' असं विचारत नाही. ती विचारते, 'टिकेल ना?' आणि त्याच्या मागोमाग, 'बिघडला तर सामान मिळतं ना याचं?' पुढे कधीतरी तो मिक्सर भंगारात जातो तेव्हा तिसरा प्रश्न येतो, 'याचे किती देणार?' सस्टेनेबल डिझाइनचा बहुतेक सगळा अभ्यासक्रम या तीन प्रश्नांत येतो. टिकेल का, दुरुस्त होईल का, मोडीत काही किंमत येईल का. आमच्या व्यवसायानं हे तिन्ही प्रश्न बाजूला ठेवले आहेत आणि चौथाच शोधून काढला आहे: ही वस्तू हिरवी दिसते का?

मी पुण्यात इंडस्ट्रियल डिझायनर म्हणून काम करते, त्याला आता २२ वर्षं झाली. हे काम नेमकं काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण 'डिझायनर' म्हटलं की लोकांना कपडे किंवा फार तर सोफासेट आठवतो. कारखान्यात लाखांच्या संख्येनं निघणारी वस्तू कशी दिसेल, हातात कशी बसेल, तिचे किती भाग असतील, ते कोणत्या मटेरिअलचे असतील आणि एकमेकांना कसे जोडले जातील, हे ठरवण्यात आमचा वाटा असतो. यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. भाग एकमेकांना कसे जोडायचे, एवढ्या एका निर्णयावर वस्तूचं पुढचं सगळं आयुष्य अवलंबून असतं. आणि त्याच निर्णयाबद्दल आमच्या परिषदांमध्ये, पुरस्कार-सोहळ्यांत आणि कॉलेजच्या ज्युरींत सगळ्यात कमी बोललं जातं.

तिथे बोललं जातं बांबूबद्दल. बांबूचा टूथब्रश, बांबूचा स्पीकर, बांबूचं लॅपटॉप स्टँड. नारळाच्या करवंटीचा दिवा. बी पेरलेला कागद. मला बांबूशी वैर नाही. तो भराभर वाढतो आणि चिवट असतो. पण बांबूच्या टूथब्रशचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात, आणि बांबूच्या स्पीकरमधली लिथियमची बॅटरी डिंकानं चिकटवलेली असते. बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. मग बांबूसकट सगळं कचऱ्यात. मटेरिअल बदलणं ही सगळ्यात सोपी, सगळ्यात फोटोजेनिक आणि बऱ्याचदा सगळ्यात बिनकामाची दुरुस्ती आहे, असं माझं म्हणणं आहे. वस्तू उघडता येते की नाही, हा खरा मुद्दा आहे.

उदाहरण म्हणून आपल्या ओट्यावरचा साधा मिक्सर घेऊ. मोटारीच्या वर, जिथे भांडं बसतं, तिथे प्लॅस्टिकचा किंवा रबराचा एक दातेरी तुकडा असतो, कपलर. भांड्यात चमचा राहिला, ओलं खोबरं अडकलं, पातं थबकलं, की त्या कपलरचे दात झिजतात किंवा तुटतात. तो तुटतो म्हणून मोटार वाचते. पन्नास-साठ रुपयांत नवा कपलर मिळतो आणि बाजारातल्या कोणत्याही दुरुस्तीवाल्याला तो पाच मिनिटांत बसवता येतो. बुडाखालचं लाल बटण हा त्याचाच भाऊ: मोटारीवर फार लोड आला की ते उडतं, थोडं थांबून दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू. मोटारीतले कार्बन घासले की बदलता येतात. भांड्याचा बुश गेला, पातं बोथट झालं, झाकणाचं गॅस्केट सैल झालं, तर तेवढंच बदलायचं. म्हणजे काय, तर कोणीतरी बसून आधीच ठरवलं होतं की या वस्तूत आधी काय मोडेल. जे मोडेल ते स्वस्त असावं, हाताशी असावं आणि पेठेतल्या दुकानात मिळावं. मिक्सरवर कुठेही हिरवं पान छापलेलं नाही. तरी गेल्या पन्नास-साठ वर्षांत भारतीय घरात आलेल्या सस्टेनेबल डिझाइनच्या उत्तम नमुन्यांत मी त्याची गणना करते.

आता त्याच घरातला दाढीचा ट्रिमर घ्या, कानातले वायरलेस हेडफोन घ्या, इलेक्ट्रिक टूथब्रश घ्या. आत बॅटरी, आणि बॅटरीला ठरावीक आयुष्य, हे कारखान्यातून निघतानाच ठाऊक असतं. म्हणजे इथेही आधी काय मोडणार ते माहीत आहे. पण कवचाचे दोन भाग अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं किंवा डिंकानं कायमचे जोडलेले. पुण्यात तापकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्यांपुढे मी असा एक ट्रिमर ठेवला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हा उघडत नाही. फोडावा लागतो." आमच्या शेकडो पानांच्या अहवालांपेक्षा हे वाक्य जास्त नेमकं आहे. वस्तू दोन प्रकारच्या असतात: उघडणाऱ्या आणि फोडाव्या लागणाऱ्या.

मग स्क्रू जातात कुठे? या प्रश्नाचं उत्तर मीटिंगमध्ये मिळतं. कवच बंद करायला समजा चार स्क्रू लागतात. एक सेल्फ-टॅपिंग स्क्रू काही पैशांचा. चार मिळून दोनेक रुपये धरा. स्क्रू बसवायला असेम्ब्ली लाइनवर एक माणूस आणि काही सेकंद लागतात. वर्षाला दोन लाख नग निघणार असतील तर पर्चेस विभागाच्या तक्त्यात सरळ चार लाखांची ओळ दिसते, मजुरी वेगळीच. शिवाय कारखान्यातला एक रुपया वितरक आणि दुकानदार यांच्या हातून ग्राहकापर्यंत पोहोचताना फुगतो. दुसरीकडून मार्केटिंगचा आग्रह: बाहेरून स्क्रू दिसता कामा नये. त्यात तांत्रिक अडचणही आहे. स्क्रू बसवायला आतून जो जाड खांब द्यावा लागतो, तिथे प्लॅस्टिक थंड होताना पृष्ठभागावर हलकासा खड्डा पडतो, आणि चकचकीत कवचावर तो उठून दिसतो. जाणकार टूलमेकर त्यावर उपाय करतो. पण उपायाला वेळ लागतो, आणि मोल्ड तर गेल्याच महिन्यात हवा होता.

या सगळ्याच्या मुळाशी एक हिशेब आहे. कंपनीच्या दृष्टीनं वस्तूचं आयुष्य कारखान्याच्या दारापासून वॉरंटी संपण्याच्या तारखेपर्यंत असतं. वॉरंटीत किती नग परत आले, याचा तक्ता दर महिन्याला निघतो. वॉरंटीनंतर काय झालं, याचा तक्ताच नसतो. तिसऱ्या वर्षी बिघडलेली वस्तू कोणाच्याच खर्चात पडत नाही. उलट नव्या विक्रीच्या आकड्यात जमा होते. हा कोणाचा दुष्टपणा नाही. दुष्टपणाचंही उदाहरण इतिहासात आहे: १९२४ साली जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी 'फीबस' नावाचा कार्टेल स्थापन केला आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवलं; जास्त चालणारे बल्ब काढणाऱ्या सदस्यांना दंड होता. आज असल्या गुप्त कराराची गरजच उरलेली नाही. वॉरंटीपुरता तक्ता तेच काम उघडपणे आणि कायदेशीरपणे करतो.

आणि आम्ही? आमच्या परिषदांत एक स्लाइड ठरलेली असते: वस्तूच्या पर्यावरणावरील परिणामांपैकी ८० टक्के डिझाइनच्या टप्प्यावर ठरतात. टाळ्या पडतात. ही स्लाइड आम्हाला आवडते, कारण तिच्यात आमचं महत्त्व आहे. पण त्यातला 'डिझाइनचा टप्पा' आणि डिझायनरचं टेबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या टेबलावर काम येतं तेव्हा किंमत ठरलेली असते, मोटार कोणाकडून घ्यायची ते ठरलेलं असतं, बरेचदा जुनाच सांगाडा वापरायचा असतो. आम्हाला वरचं कवच आणि चार आठवडे मिळतात. म्हणून अनेक सहकारी हात वर करतात, 'क्लायंटला नको असतं.' हे अर्धसत्य आहे. क्लायंटला चकचकीत फिनिशही सुरुवातीला नको असतो, कारण तो महाग पडतो. तरी आम्ही तीन प्रेझेंटेशनं करून तो गळी उतरवतो. तेवढी चिकाटी स्क्रूसाठी कितींनी दाखवली आहे? आमच्या पोर्टफोलिओत उघडलेल्या वस्तूचा फोटो नसतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, बंद, बिनस्क्रूची, बिनडागाची वस्तू असते. आमच्या सौंदर्यदृष्टीला दुरुस्तीची शिसारी आहे, हा खरा अडथळा आहे, आणि तो क्लायंटनं घातलेला नाही.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे पाहू. ते सगळेच फालतू नाहीत.

पहिला: पाणी आत जाऊ नये म्हणून वस्तू सीलबंद करावीच लागते. बरं. मग आपल्या शेतातल्या सबमर्सिबल पंपाचं काय? तो बोअरमध्ये, शेकडो फूट खाली, पाण्यात बुडालेला असतो. त्याची मोटार जळली की शेतकरी पाइपासकट तो वर ओढतो आणि तालुक्याच्या गावी नेतो. तिथे रिवाइंडिंगवाला तो उघडतो, नवी तार भरतो, सील बदलतो. काही दिवसांत पंप पुन्हा पाण्याखाली. मनगटी घड्याळंही कित्येक दशकं गॅस्केट आणि स्क्रूवर पाणी रोखत आली आहेत. ओल्या हातांनी धरायच्या ट्रिमरला मात्र म्हणे डिंकाशिवाय पर्याय नाही.

दुसरा: सुरक्षितता. अडाणी माणसानं उघडलं, शॉक बसला, बॅटरी पेटली तर? हा मुद्दा गंभीर आहे, विशेषतः लिथियम बॅटरीच्या बाबतीत. पण बंद वस्तू उघडली जात नाही, हे गृहीतकच चुकीचं आहे. ती स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी घेऊन फोडली जातेच, आणि फोडताना बॅटरीला भोक पडण्याची शक्यता जास्त. सुरक्षितता हवी असेल तर बॅटरी कुठून, कशी काढायची हे वस्तूवरच सांगा. युरोपीय संघानं २०२३ मध्ये बॅटरीविषयीचा नवा कायदा केला. त्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून, मोजके अपवाद वगळता, लहान उपकरणांमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. तिथल्या लोकांना शॉक बसत नाही अशातला भाग नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार: नव्या वस्तू वीज वाचवतात, मग जुन्या का टिकवायच्या? इथे छताच्या पंख्याकडे पाहिलं पाहिजे. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दिवसाला १२ तास आणि वर्षात ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला दीडशेहून जास्त युनिट वाचतात. हे फार मोठं काम आहे. पण जुना पंखा मंदावला की गल्लीतला वायरमन स्टुलावर चढून कपॅसिटर बदलतो, थोडक्या पैशांत. आवाज आला की बेअरिंग बदलतो. ते ठरावीक नंबरचं असतं आणि कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. नव्या पंख्यात मात्र इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे. प्रत्येक कंपनीचा वेगळा, कनेक्टर वेगळा, रिमोट वेगळा, काहींत बोर्डावर रेझिन ओतून तो गोठवलेला. व्होल्टेज वरखाली झालं, बोर्ड गेला, वॉरंटी संपलेली. गिऱ्हाईक काय करतं? बऱ्याचदा दीड हजाराचा साधा पंखा आणून लावतं, आणि वाचलेले युनिट परत जातात. वीज वाचवणाऱ्या वस्तूनंच सगळ्यात जास्त वर्षं टिकायला हवं, हे साधं गणित आहे. गंमत म्हणजे बाजारानं यावर उपाय काढायला सुरुवातही केली आहे: कोणत्याही पंख्याला चालणारे 'युनिव्हर्सल' बोर्ड आता मिळू लागले आहेत. प्रमाणीकरणाचं जे काम आमच्या ड्रॉइंग बोर्डावर व्हायला हवं होतं, ते पेठेतले लोक करत आहेत.

'पण शेवटी रिसायकल होतं की', हा चौथा मुद्दा. आपले ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकांनी आपल्या मालाच्या ठरावीक प्रमाणात रिसायकलिंग करवून घ्यायचं: सुरुवातीला ६० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. चांगलं आहे. पण हा हिशेब वजनाचा आहे. दहा वर्षं चाललेला पंखा आणि तीन वर्षांत मेलेला पंखा, दोघांचं वजन सारखंच. दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणण्याला नियमांत स्थान आहे, पण रिसायकलिंगची जबाबदारी पुढे ढकलण्याची सवलत एवढंच. मुळात वस्तू दुरुस्त होईल अशी केली, याचं बक्षीस कुठेच नाही. शिवाय रिसायकल करायला भाग वेगळे तर झाले पाहिजेत. धारावीच्या १३ कंपाउंडमध्ये प्लॅस्टिक हातांनी निवडलं जातं. तुकडा जाळून, धुराचा वास घेऊन कोणतं प्लॅस्टिक ते ओळखणारे लोक तिथे आहेत. त्यांच्यापुढे आम्ही काय पाठवतो? कडक पॉलिप्रॉपिलीनवर मऊ रबरी थर एकजीव केलेली मूठ. क्रोमचा मुलामा दिलेलं एबीएस. हातात छान वाटावं, शोरूममध्ये चमकावं म्हणून केलेल्या या गोष्टी कोणालाही वेगळ्या करता येत नाहीत. त्या मुठीची मोड शून्य.

'मोड' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. भारतीय डिझाइन-शिक्षणाचा मूळ दस्तावेज म्हणजे चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला दिलेला 'इंडिया रिपोर्ट'. त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यात लोट्याची स्तुती आहे, हे प्रत्येक डिझाइन-विद्यार्थ्याला पाठ असतं. लोट्याचा आकार, त्याचा तोल, तो कमरेवर कसा बसतो. पण त्या जोडप्यानं लोट्याबद्दल जी प्रश्नांची यादी केली होती, तिच्यात एकूण सेवेच्या मानानं त्याची किंमत काय पडते आणि शेवटी मोडीत त्याचं मोल काय, हेही प्रश्न होते. ते कोणाला आठवत नाहीत. लोट्यामागे कल्हईवाला होता, पोचे काढणारा तांबट होता आणि मोड घेणारा भांडीवाला होता. मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. कल्हईवाल्याच्या फुफ्फुसांचं काय होत होतं ते कोणी विचारलं नाही. पण वस्तू ही एकटी नसते, तिच्यामागे माणसांची एक साखळी असते, हे त्या रिपोर्टला कळलं होतं. आमच्या पिढीनं त्यातला आकार ठेवला आणि साखळी सोडली.

मग संधी कुठे आहे? माझ्या मते ती डिझायनरांच्या सदिच्छेत नाही, एका आकड्यात आहे. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर बीईईचे स्टार सक्तीचे झाले. एरवी पंखा घेताना वॉट न विचारणारे लोक आता 'फाइव्ह स्टार आहे का?' असं विचारतात. कंपनीच्या तक्त्यात विजेला जागा मिळाली, ती त्या स्टिकरमुळे. फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून हेच दुरुस्तीच्या बाबतीत केलं: फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापायचं यंत्र, यांच्यावर दहापैकी गुण छापायचे. कागदपत्रं उपलब्ध आहेत का, उघडायला किती सोपं, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, यावर ते गुण ठरतात. आपल्याकडे २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. मोबाइल आणि घरगुती उपकरणांच्या दुरुस्ती-निर्देशांकाची चौकट सुचवणारा अहवाल २०२५ मध्ये सरकारला सादर झाला. म्हणजे लोखंड तापलेलं आहे. उत्पादकांच्या संघटना आपलं म्हणणं मांडतीलच. इंडस्ट्रियल डिझायनरांच्या संघटनांनी आणि शाळांनी यावर काय म्हटलं आहे? मला तरी बांबूच ऐकू येतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. स्टारच्या शेजारी दुरुस्तीचे गुण छापा, आणि ते देणाऱ्या समितीत तापकीर गल्लीतला, लॅमिंग्टन रोडवरचा, तालुक्याच्या रिवाइंडिंगच्या दुकानातला माणूस बसवा. डिझाइनच्या शाळांनी शेवटच्या वर्षाच्या ज्युरीत एक दुरुस्तीवाला बोलवावा, मानधन देऊन. विद्यार्थ्याचं मॉडेल त्याच्या हातात द्यावं आणि घड्याळ लावावं. वस्तूच्या आत, झाकणाच्या मागच्या बाजूला, भागांची यादी आणि नंबर छापावेत. मोल्डमध्ये अक्षरं कोरायला फार खर्च येत नाही. आणि आमच्यापैकी प्रत्येकानं क्लायंटच्या ब्रीफमध्ये स्वतःहून एक प्रश्न वाढवावा: आठव्या वर्षी ही वस्तू कोण उघडेल, कोणत्या हत्यारानं, आणि भाग कुठल्या दुकानातून आणेल? क्लायंटकडे उत्तर नसेल, तर ते शोधणं हेच आमचं काम आहे. त्यासाठीच आम्हाला पैसे मिळतात.

हे केल्यानं पृथ्वी वाचेल, असं मी म्हणत नाही. माणसं नव्या फोनच्या मोहानंही फोन बदलतात, आणि त्या मोहाला स्क्रूचा उतारा नाही. पण ज्याला वस्तू ठेवायची आहे, त्याला ती ठेवता आली पाहिजे. आज त्याच्या हातात तोही पर्याय नाही, कारण कुठल्यातरी तक्त्यात दोन रुपये वाचले आहेत. ते दोन रुपये परत मागणं, हे माझ्या व्यवसायाचं पहिलं पर्यावरणीय कर्तव्य आहे. बांबूचं नंतर बघू.